खिळ्यावरची चावी

फकिरा मोकासेनं अठ्ठावीस वर्षं वाळूजच्या एका कंपनीच्या गेटवर काढली. आत जाणाऱ्याची पिशवी बघायची, बाहेर येणाऱ्याचा डबा बघायचा, ट्रकचा नंबर रजिस्टरात लिहायचा. एकदा मॅनेजरसाहेबांची बायको पास नसताना आली, तर तिलाही ह्या पठ्ठ्यानं वीस मिनिटं उन्हात उभं केलं. कंपनीतल्या साठ दारांच्या चाव्या नंबरवार टांगणारा माणूस. आणि त्यालाच स्वतःच्या भाड्याच्या घराच्या चाव्या कुणाकुणाकडं आहेत ते शेवटपर्यंत कळलं नाही. आता बोला!

पुंडलिकनगरातलं हे घर त्यानं काही हौसेनं घेतलं नव्हतं. बायको द्वारकाबाई पिशोरला, अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी. इथं बाप-लेक दोघंच. तनुजा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. ती दोनला घरी येते, आणि पहिली पाळी सुटून फकिरा पोचेपर्यंत चार वाजतात. त्या दोन तासांचाच सगळा घोर. आधीच्या घरी एका दुपारी ती न्हाणीत असताना कुणीतरी बाहेरून चावी लावून दार उघडलं. पावलं आत आली. पोरगी डोळ्यांत साबण तसाच ठेवून उभी राहिली, नळ बंद करायचीही तिची हिंमत होईना. पावलं स्वैपाकघरापर्यंत गेली, थांबली, माघारी फिरली, दार लागलं. चोरीला काहीच गेलं नाही. चौकीवर म्हणाले, काही गेलंच नाही तर लिहायचं काय? तिथला मालक म्हणाला, पोरीला भास झाला असेल. भास काय चावी लावून येतो व्हय!

त्याला पाच महिने झाले. तेव्हापासून बाप घरी असल्याशिवाय तनुजा अंगावर पाणी घेत नाही. चारला फकिरा येणार, बूट न काढता दाराशी खुर्ची टाकून बसणार, मग ही न्हायला जाणार. एवढी मोठी पोर, आणि ही तिची गत. बायको सोडली तर कुणाला सांगायचीही सोय नाही. फकिरा आतल्या आत नुसता जळत होता.

नवे मालक अनंतराव. निवृत्त हेडक्लार्क, राहायला ज्योतीनगरला. माणूस सज्जन, पण कागदाला पक्का. त्यांनी फकिराचं आधार घेतलं, चार फोटो घेतले, कंपनीचं पत्र घेतलं, भाडेकरूची माहिती म्हणून पोलिसांचा फॉर्म भरून घेतला, गावाकडचे दोन जामीन लिहून घेतले. सगळं झाल्यावर खिशातून एक चावी काढून टेबलावर ठेवली. एकच.

"साहेब, लॅचबरोबर तीन येतात," फकिरा म्हणाला. "बाकीच्या दोन?"

"असतील कुठंतरी. अहो मोकासे, सभ्य वस्ती आहे ही."

"मग मी कुलूप बदलतो. खर्च माझा."

"दाराला भोक पाडायचं नाही. सागवानी दार आहे."

घ्या! माणसाची सात पिढ्यांची चौकशी, आणि चावीची कुणाला फिकीर नाही.

फकिरा स्वतःच शोधाला लागला. एक चावी समोरच सापडली. समोर लक्ष्मीबाई राहतात, साठीच्या, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. त्यांच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी खिळा, खिळ्याला चार घरांच्या चाव्या, त्यात लाल दोऱ्याची ती फकिराच्या घराची. तिथं ती पाच वर्षांपासून लटकत होती.

"ही तुमच्याकडं काऊन?" फकिरानं विचारलं. आवाजात गेटवरचा सूर होता.

"हौदासाठी, भाऊ. दुसरं काय?"

त्यांचंही काही चुकीचं नव्हतं. नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, कधी दहा. येतं ते सांगून येत नाही, आणि तासाभरात जातं. ह्या गल्लीतल्या घरांचे हौद मागच्या अंगणात, आणि अंगणात जायची वाट घरातूनच. सगळे कामाला गेलेले असतात. म्हणून जो घरी असेल त्यानं शेजाऱ्याचं दार उघडायचं, तोटी सोडायची, हौद भरला की बंद करायची. गल्लीचा रिवाजच तो. खुद्द लक्ष्मीबाईंच्या घराची चावी दोन घरी होती.

"माझी बी एक ठेवा तुमच्याकडं," त्या म्हणाल्या.

"मला कुणाची नको, अन् माझी कुणाला द्यायची नाय," फकिरा म्हणाला आणि लाल दोरा मुठीत धरून निघून आला.

पुढं नुसता वैताग. आधीच्या भाडेकरूला फोन केला, तर त्याच्या मेव्हण्याकडं एक होती. मेव्हण्यानं ती नळवाल्याला दिली होती. नळवाल्यानं हरवली म्हणून दुसरी करून घेतली होती, आणि मग हरवलेलीही सापडली होती! फकिरानं वहीत नावं मांडली, तारखा मांडल्या, तीन जागी जाऊन चाव्या आणल्या. हिशोब काही जुळेना. शेवटी रविवारी त्यानं चौकातल्या चावीवाल्याला आणलं. दाराला धक्का न लावता त्यानं लॅचचा आतला भाग तेवढा बदलला. नव्या तीन चाव्या. एक फकिराच्या कमरेला, एक तनुजाच्या पर्समध्ये, तिसरी तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाशी.

अनंतरावांना कसं कोण जाणे, पण कळलं. फोनवर भडकले, "माझ्याच घराची चावी माझ्याकडं नाही?"

"साहेब, तुम्ही माझी चौकशी केली. मी तुमच्या चावीची केली," फकिरा म्हणाला. फोन ठेवला तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

"आता कुणाकडंच चावी नाय," त्यानं तनुजाला छातीवर हात ठेवून सांगितलं. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी चारला तो घरी आला तर पोरगी कोरड्या केसांनी पुस्तक घेऊन बसलेली. तिसऱ्या दिवशीही तेच. फकिराला सुचेना. नवं कुलूप घातलं, आता आणखी काय करायचं माणसानं? दारावर तोफ ठेवायची?

आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी सकाळी साडेदहाला पाणी आलं.

तनुजा कॉलेजात. फकिरा गेटवर, आणि गेटवर मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम त्यानंच लावलेला. घरी आला तेव्हा लक्ष्मीबाईंचे सहा कॉल पडलेले, हौदाच्या तळाशी वीतभर गढूळ पाणी, आणि लक्ष्मीबाई दारात कमरेवर हात देऊन उभ्या.

"हाका मारून घसा बसला माझा! तुमच्या दाराला चावी लावून लावून बोटं दुखली. फिरंल तर शपथ!"

"कोणती चावी?" फकिराच्या डोक्यात सणक गेली. "ती तर मी नेली!"

"अहो, दुसरी व्हती पिठाच्या डब्यात. इसरलेच व्हते मी."

"म्हणजे आणखी एक होती!"

"व्हती तर व्हती! दरोडा घालाया नव्हते आले. तुमच्या हौदात पाणी पडावं म्हणून उन्हात उभी ऱ्हायले, अन् वरून माझ्यावरच डोळे?"

फकिराला राग लई आला, पण नेमका कुणावर काढावा हे कळेना. पुढचे आठ दिवस जारचं पाणी, कोपऱ्यावरच्या हापशाचं पाणी, आणि रोज संध्याकाळी लक्ष्मीबाईंकडच्या दोन बादल्या. त्या न बोलता द्यायच्या. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही बाईचा, पण ह्या बाबतीत चकार शब्द नाही. त्यानं फकिरा आणखीच ओशाळायचा.

पाचव्या संध्याकाळी तनुजा बादल्या आणायला गेली ती रिकाम्या हातानं आली नाही, पण पर्स मात्र हलकी करून आली.

"पप्पा, मी माझी चावी काकूंना दिली. डाळीच्या डब्यातली मी घेते."

फकिरा उठूनच उभा राहिला. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? कुणासाठी केलं मी हे सगळं?"

"माझ्यासाठी. म्हणून तर सांगते." तिनं बादल्या खाली ठेवल्या. "त्या दिवशी मी ओरडले का नाही, ठाऊक आहे? ओरडून येणार कोण होतं? तिथं शेजारचं कुणी आपलं तोंडसुद्धा ओळखत नव्हतं. आता तुम्ही असं कुलूप केलंय की आत मी मेले तरी कुणाला येता येणार नाही. मला नुसतं बंद दार नको, पप्पा. हाक मारल्यावर दार उघडून येणारं माणूस पाहिजे. काकू दुपारभर ओट्यावरच बसलेल्या असतात."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत फकिराला असं कुणी ऐकवलं नव्हतं. तो त्या रात्री जेवला नाही. चावी परत मागायला दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. सकाळी गेटवर एका ड्रायव्हरला उगीचच झापलं.

पुढच्या बुधवारी तो चारला गल्लीत शिरला तर रस्ता ओला. लक्ष्मीबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. फकिराला बघून त्यांनी नुसतं त्याच्या दाराकडं बोट केलं. "भरला हौद. तोटी बंद करून आले."

फकिरानं कमरेची चावी काढली, दारापाशी गेला, आणि हात तसाच राहिला. आतून पाण्याचा आवाज येत होता. तांब्या बादलीत बुडत होता, अंगावर रिकामा होत होता, पुन्हा बुडत होता. घाई अशी नव्हतीच. मधेच पोरगी काहीतरी गुणगुणली.

चावी मुठीत आवळून तो पायरीवर बसला. मोबाइल काढून त्यानं पिशोरला फोन लावला.

"अगं, पोरगी न्हातीय," तो हळूच म्हणाला.

"मग? त्यात काय सांगायचं?" द्वारकाबाई म्हणाली.

"मी भाईर हाय. आत्ताच आलो कामावरून."

तिकडून नाक ओढल्यासारखं ऐकू आलं.

"तसेच बसा मग," द्वारकाबाई म्हणाली. "अन् बेल वाजवू नका."