आत्याबाईनं थांबवलेलं पान

माझ्या आत्याबाईला सहीसुद्धा येत नव्हती. पुस्तक वाचायला मला तिनं शिकवलं.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

मी आयटीआय अर्ध्यात सोडलेला. रायपूरच्या एका लॉजवर कामाला होतो, तेव्हा कोणी गिऱ्हाईक खोलीत एक जाड पुस्तक विसरून गेलं. हिंदी. सगळी चित्रं, बोलणं फुग्यांत. वाटलं कॉमिक्स आहे, टाइमपास होईल.

झाला नाही. एका मुलीनं आपल्या आईचं शेवटचं वर्ष चित्रांत काढलं होतं. खरं घडलेलं.

अख्खं पुस्तक मी तासाभरात उडवलं आणि बॅगेत कोंबलं.

मग लॉज सोडला. (का सोडला ती वेगळीच स्टोरी. एक ट्रकवाला म्हणाला अमरकंटक दाखवतो... राहू द्या.) तिरोड्याजवळ आत्याबाईच्या गावी येऊन पडलो.

ती अंगणात विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं.

"का वाचून राहिला रे पोट्ट्या?"

"चित्राचं पुस्तक आहे."

"मंग मले दाखव ना. चित्राले का शाळा लागते?"

तिचे हात गुंतलेले. म्हणून पानं मी पलटायची, ती वळता वळता बघायची. मी फुगे मोठ्यानं वाचायला लागलो.

"तू चूप राय जरासा. मले पाहू दे."

एका पानावर फुगाच नव्हता. मी झटकन पलटलं.

"थांब! कायले पलटवून राहिला? मांगं घे."

मागे घेतलं. रिकामं स्वयंपाकघर. विळीजवळ अर्धा चिरलेला कांदा. बस.

"इथं काहीच नाही, आत्याबाई."

"काई नाई कसं? कांदा अर्धा टाकून उठली बाई. दुखणं आलं तिले."

मग म्हणाली, "पयल्यापासून तिचा हात पाहून घे ना. कमरेवर. पोरगी विचारते तं हासून देते. लपवून राहिली."

मी पहिल्या पानापासून पुन्हा पाहिलं. लग्नाच्या गर्दीत, बसमध्ये, मागे कुठंतरी बारीकशी ती आई. हात कमरेवर.

आईचं दुखणं मुलीला कळायला अर्धं पुस्तक जातं. आत्याबाईला तिसऱ्या पानावर कळलं.

त्या दुपारपासून मला या पुस्तकांचं वेड लागलं. धरणात गेलेल्या गावाचं, जेलमधल्या माणसाचं, दुकानात उभ्याउभ्या वाचलंय. आधी अंगठ्यानं फुगे झाकायचे, मग वाचायचं.

पुस्तकातच जमलं ते.

चार दिवसांनी ती म्हणाली, "उद्या गोंदियाले येशीन का संगं?"

"काऊन?"

"काई नाई, असंच. बांगड्या भराच्या आहेत."

हो म्हटलं. सकाळी मित्र गाडी घेऊन आला, चोरखमाऱ्याचा तलाव भरला म्हणाला, निघालो. दोन दिवसांनी उगवलो.

"गेली होती का गोंदियाले?"

"राहू दे. बरी आहो मी." हसली. "तुह्या पायाले भिंगरी, तू का थांबतं?"

पुढच्या आठवड्यात मी ओडिशाकडे निघालो. निघताना दारात तिचा फोटो काढला. इथंच टाकला होता. कॅप्शन: आत्याबाई एकदम मस्त.

तीन महिन्यांनी आतेभावाचा फोन. "दादा, लवकर ये. डॉक्टर म्हणते उशीर झाला."

दुखणं वर्षभराचं होतं. तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

तोच फोटो आज परत टाकतोय. तेव्हा तुमच्यातल्या कितीतरी जणांनी लाइक केला होता.

तिच्या हसण्याकडे नका पाहू. डावा हात पाहा.

"बरी आहो" म्हणालीस, मी तेवढंच वाचलं गं.

आता याच पानावर थांबलोय, आत्याबाई. पलटवत नाही.