पिवळ्या फितीचा घड

दादा फोनवर म्हणाला, "तुमच्या मालाच्या पिशव्या दरसाल येतात बाई, तूच येत नाही." झालं, त्याच आठवड्यात मी फोपनारला निघाले. मी वडोदऱ्याला पॉलिप्रॉपिलीनच्या कारखान्यात प्लास्टिकचा दाणा तपासते. दादा माहेरची केळी एकटा सांभाळतो.

बुऱ्हाणपूरचं स्टेशन लालबागला. उतरलात की आधी गरम मावा जिलेबी खा. रंग काळपट असतो, घाबरू नका. पुढे फोपनारची बस चुकली तर ऑटो आहे, पण भरल्याशिवाय हलेल तर शपथ! "बस मॅडम, एक सवारी और, की निघालोच," म्हणत ड्रायव्हरने मला चांगलंच तिष्ठत ठेवलं.

आमच्या धंद्याची खोड अशी, की जिथे तिथे दाणाच दिसतो. ऑटोत पायाशी खताची विणलेली गोणी, म्हणजे रॅफिया ग्रेड. दादाच्या ओट्यावरची खुर्ची मोल्डिंग ग्रेड. दाणा वितळून किती पातळ वाहतो, त्यावर त्याचं काम ठरतं. या तिन्हींत सर्वांत पातळ फायबर ग्रेड. त्याच्या तंतूंचं न विणलेलं मऊ कापड होतं, आणि त्याच्याच पिशव्या केळीच्या घडांना घालतात. फळाला डाग पडत नाही.

दुसऱ्या दिवशी लहानपणासारखी दादाबरोबर मळ्यात गेले. इथे ज्या आठवड्यात पिशवी चढते, त्या आठवड्याच्या रंगाची फीत घडाला बांधतात. पुढे एका रंगाचे घड एकदमच कापले जातात. त्या आठवड्याची फीत निळी होती. मी पिशवी घातलेल्या घडाला दादाने पिवळी बांधली.

"दादा, रंग चुकला तुझा."

"चुकला नाय. निळ्यासंगे मजूर कापून टाकतील ना. हा तुझा. कापायले तू ये."

त्या मळ्यात पुन्हा राहावं, असं फार वाटलं.

घरी परतून तीन महिने होत आले. रजेचं उद्यावर ढकलत राहिले. काल दादाचा फोन आला. "निळ्याचा ट्रक भरून गेला. तुझा ठेवला."

"पिकून फुटेल रे तो."

"फुटू दे. पिशवी आहे ना तुमची, मजबूत."

पिशवी टिकेल, मीच तपासलीय. केळं थांबत नाही. तिकीट काढलंय, परवा सकाळी लालबागला उतरते.