भार्गवीच्या वडिलांचा ऑस्कर

राजाजीनगरात महानंदाताई वृद्धांसाठी दिवसभराचं केंद्र चालवतात. त्या मूळच्या निपाणीच्या. इस्पितळातली नर्सची नोकरी सोडून त्यांनी भाड्याच्या घरात हे काम सुरू केलं. माझे सासरे, रघुपतीअण्णा, रोज तिथे जातात आणि संध्याकाळी मी त्यांना घरी आणते.

तिथल्या बैठकीत तीन फुटांचा फिश टँक आहे. आधी त्यात फक्त गप्पी आणि निळ्या-लाल नियॉन टेट्रांचा घोळका होता. म्हाताऱ्यांना तो आवडला, म्हणून घरचे लोक मासे आणू लागले. वाढदिवसाला गोल्डफिश, गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं म्हणून एंजल, कुणी सहज टायगर बार्ब. ताईंना नाही म्हणवेना. केंद्रात रोज येणारे भार्गवीचे वडील वारले तेव्हा तिने त्यांची आठवण म्हणून ऑस्कर जातीच्या माशाचं पिल्लू आणून सोडलं. अंगठ्याएवढं होतं.

काही महिन्यांत ते तळहाताएवढं झालं. गप्पी एकेक करून नाहीसे होऊ लागले. बार्बांनी एंजलचे पंख कुरतडले. पाणी गढूळ व्हायचं आणि मासे वर येऊन तोंडं उघडत राहायचे.

ताईंनी रोज थोडं पाणी बदलायला घेतलं आणि खाणं कमी केलं. दुकानदाराला विचारलं, वाचलं, आणि दुपारच्या वेळी टँकसमोर खुर्ची टाकून बसू लागल्या. एका संध्याकाळी मला म्हणाल्या, "गुंडोअण्णांचा रेडिओ मी सोयराबाईंच्या कानाशी कधी ठेवत नाही बघा. माणसं कुणाशेजारी बसवायची ते मला कळतं. माशांच्या बाबतीत मात्र कुणी देईल ते ओतत गेले."

बार्ब आणि एंजल त्यांनी दुकानदाराला परत दिले. गोल्डफिशना थंड पाणी लागतं आणि ते घाणही फार करतात, म्हणून ते आमच्या मल्लेश्वरमच्या घरी वेगळ्या टँकमध्ये आले. उरला ऑस्कर. तो न सांगता हलवणं सोपं होतं. तरी ताईंनी भार्गवीला बोलावून घेतलं.

"अक्का, तो बाबांच्या नावाचा आहे," भार्गवी म्हणाली. "त्याला काढणार?"

"तो फूटभर होतो, भार्गवी. या काचेत त्याला धड वळताही यायचं नाही. आणि तोंडात मावेल ते खातो, त्यात त्याचा दोष नाही. आणलास तेव्हाच मी विचारायला हवं होतं."

भार्गवी काचेवरून बोट फिरवत राहिली. ऑस्कर तिच्या बोटामागे फिरत होता. शेवटी तिने विचारलं, "जिथे जाईल तिथे मला येता येईल?"

दुकानदाराच्या ओळखीच्या, बेळ्ळंदूरच्या त्रिविक्रमकडे सहा फुटांचा टँक होता. इंजिनियर माणूस, मोठे मासे पाळायचा. तो लगेच तयार झाला, पण ताईंनी मासा पाठवला नाही. आधी स्वतः जाऊन आल्या. आत आणखी कोण आहे, त्यांची मापं काय, फिल्टर पुरतो का, सगळं विचारलं. जमत नसेल तर परत आणीन, हेही सांगून आल्या. त्रिविक्रम हसून म्हणाला, "मुलगी द्यायला आल्यासारखं विचारताय."

"सरी, ठीक आहे, मग उत्तरंही तशीच द्या," ताई म्हणाल्या.

नेतानाचा रस्ता तुंबलेला होता. रिक्षात झाकणाची बादली भार्गवीने मांडीवर धरली होती, आणि ताई मधूनमधून झाकण उचलून बघत होत्या. टँकमध्ये सोडल्यावर ऑस्कर थोडा वेळ दबकून कोपऱ्यात राहिला, मग एका दमात पलीकडच्या टोकापर्यंत गेला. भार्गवी रडली. तिला तसंच राहू देऊन ताई शेजारी उभ्या राहिल्या.

केंद्रातला टँक सुरुवातीला रिकामा वाटला. सोयराबाई रुसून बसल्या. ताईंनी घाई केली नाही. पाणी नितळ झाल्यावर त्यांनी आणखी काही नियॉन आणले, कारण ते चारचौघांत असले तरच निर्धास्त फिरतात. ते आधी वेगळ्या भांड्यात ठेवले, आजारी नाहीत अशी खात्री झाल्यावरच सोडले.

आता दुपारच्या चहाला सगळे त्या बाजूला तोंड करून बसतात. अजूनही कुणी पिशवीत मासा घेऊन येतं. ताई त्यांना बसवून चहा देतात, आणि मासा त्यांच्याच हातात देऊन दुकान बंद व्हायच्या आत तो परत करायला पिटाळतात.