तारीख नसलेलं पान

माझ्या सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "आमची सून इंटरनेटचे पेपर तपासते." ऐकणाऱ्याला वाटतं मी कुठल्यातरी परीक्षेची बाई आहे. पूर्वी मी हे चुकतंय म्हणून समजावत बसायचे. आता बसत नाही, कारण माझ्या कामाचं याहून सोपं वर्णन मलाही करता येत नाही.

आधी मी एका छापखान्यात प्रुफं वाचायची. छापखाना बंद पडला आणि चुका काढायची सवय तेवढी माझ्याकडे राहिली. मग ओळखीतून हे काम मिळालं. लांबच्या एका कंपनीसाठी घरी बसून मराठी वेबपानं तपासायची. कुणीतरी काहीतरी शोधतं, शोधयंत्र त्याला पानं दाखवतं, आणि हल्ली त्यांच्या डोक्यावर एक तयार उत्तरही लिहून देतं. ती पानं आणि ते उत्तर कितपत भरवशाचं, हे मी सांगायचं. लिहिणारा कोण आहे, त्याला त्यातलं कळतं का, माहिती ताजी आहे की शिळी, पान माणसाला काही सांगायला लिहिलंय की नुसत्या जाहिराती खपवायला. कोरड्या सोलापुरी शेंगाचटणीत दही घाला असं सांगणारं एक पान माझ्या वाट्याला आलं होतं. त्याला मी सगळ्यात खालचा शेरा दिला आणि दिवसभर खुशीत होते.

या कामात एक नियम मला पहिल्यापासून आवडायचा. ओळखीच्या माणसाचं पान समोर आलं तर त्याला हात लावायचा नाही, 'सोडून द्या' असं बटण असतं ते दाबायचं आणि पुढे जायचं. आपल्याकडे जिकडेतिकडे वशिला बघून कंटाळलेली मी, मला वाटायचं, चला, एक तरी जागा अशी आहे.

आता आमच्या गल्लीचं सांगायला हवं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि ते काही दिवस म्हणजे किती, हे ऐनवेळी ठरतं. पाहुणे येणार म्हटलं की आम्ही आधी पाण्याचा दिवस विचारतो आणि मग त्यांच्या आवडीनिवडी. चादरी धुवायला काढायच्या, पापड लाटायचे, गावाला जायचं, सगळं त्या एका दिवसाभोवती फिरतं. आणि तो दिवस आमच्या गल्लीला सांगायचे समोरच्या घरातले काका.

काकांचं आयुष्य चादरीच्या कारखान्यात मागावर गेलेलं. घरात तेलुगू, गल्लीत सोलापुरी. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. कारखान्याच्या धुळीनं छाती धरलेली, त्यामुळे चार पावलं चालले की थांबायचे. तरी रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे. तिथे चाव्या फिरवणाऱ्या माणसाला चहा पाजायचे, कुठली लाईन कधी सुटणार ते विचारायचे, आणि परत येऊन कोपऱ्यावरच्या भिंतीला टांगलेल्या फळ्यावर खडूनं लिहायचे. "उद्या पाणी न्हाय." नाहीतर, "उद्या सकाळी पाणी सुटंल. मोटारी लावू नका, शेवटच्या घरांना पोचत न्हाय." दुसऱ्या दिवशी ते पुसून नवं. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. पण काकू गेल्यावर माणूस घरात खचून बसला नाही तो या फळ्यामुळे, असं गल्लीत सगळेच म्हणायचे आणि ते खरं होतं.

मग कोपऱ्यावर गाळे निघाले, भिंत पडली, फळाही गेला. काका दोन-तीन दिवस उंबऱ्यावर नुसते बसून होते. मला बघवेना. म्हटलं, "काका, मोबाईलवर फळा करून देते." एका फुकटच्या ठिकाणी मी त्यांना एक पान बांधून दिलं. वर आमच्या पेठेचं नाव आणि पाणी, मधे लिहायला जागा, खाली किती जण येऊन गेले ते दाखवणारा आकडा. मोबाईलमध्ये बोललं की अक्षरं उमटतात हे त्यांना शिकवलं. पहिल्या दिवशी ते त्याच्याशी इतक्या मोठ्यानं बोलले की पाण्याची बातमी लिहून व्हायच्या आतच सगळ्या गल्लीला कळली.

काका ते पान अगदी फळ्यासारखं वापरायचे. रोज आधीचं पुसायचं, नवं लिहायचं. मी म्हणायची, "काका, तारीख टाकत जा. आणि खाली तुमचं नाव." ते म्हणायचे, "फळ्यावर कदी तारीख बघितलीस का सूनबाई? जो वाचंल तो आजच वाचनार की. आन् नाव कशाला? कोन लिवतंय ते समद्यास्नी ठावं हाय." मी माझ्या कामाचा तोरा दाखवत म्हणायची, "जगाला ठाऊक नाही ना." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "जगाला कुटं आपलं पानी भरायचंय?"

पण जग नाही तरी पुणं यायला लागलं. गल्लीतली जी पोरं नोकरीला बाहेर गेली होती ती तिथून काकांचं पान बघायची आणि इकडे आईला फोन करायची, उद्या लवकर ऊठ म्हणून. काकांना याचा केवढा अभिमान. सकाळी दात घासायच्या आधी ते तो खालचा आकडा बघायचे. वाढलेला असला की दारातूनच मला ऐकवायचे, "सूनबाई, लई मानसं आली रातच्याला." मीही आतून म्हणायची, "चहा दिला का त्यांना?"

नंतर ती तयार उत्तरं आली. 'आमच्या पेठेत पाणी कधी' असं विचारलं की पानांच्या वर चौकटीत उत्तर झळकायला लागलं. काकांचं "सुटंल" तिथे "पाणीपुरवठा होणार आहे" असं इस्त्री करून यायचं. खाली बारीक अक्षरात काकांच्या पानाचा दुवा असायचा, पण उत्तर वाचून झाल्यावर खाली कोण जातंय. लोक म्हणू लागले, मोबाईलनं सांगितलं. काका चालत टाकीपर्यंत जायचे, धापा टाकत परत यायचे, लिहायचे, आणि सकाळी आकडा जिथल्या तिथे. मी त्यांना चौकट दाखवली तेव्हा ते बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "माजंच सांगतंय की ह्ये. मग मानसं माज्याकडं का यीनात?"

आपली बातमी पोचतेय म्हणून बरं वाटावं की आपल्याकडे कुणी येत नाही म्हणून वाईट, हे त्यांना कळत नव्हतं. पाणी तर गल्लीला वेळेवर कळत होतं. पण गल्लीला आपण लागतो, ही जी एक गोष्ट काकांकडे उरली होती ती जात होती, आणि ते मला समोरच्या खिडकीतून रोज दिसत होतं.

त्याच सुमारास एका सकाळी माझ्या कामात ते पान आलं. वर आमच्या पेठेचं नाव. मधे, "काल चुकलं. पाईप फुटली म्हनून पानी आलं न्हाय. आज सांजच्याला नक्की. माफी असावी." पानं कशीही येतात, कुठलीही येतात, पण हे माझ्या समोर येईल असं मनातही आलं नव्हतं.

मी पुढे काय लिहिलं असतं ते मला तिथल्या तिथे सुचलं होतं. लिहिणारा स्वतः जागेवर जाऊन विचारून येतो. चुकलं तर दुसऱ्याच दिवशी कबूल करतो, आणि अशी कबुली मी या कामात फार थोड्या पानांवर बघितली आहे. वाचणाऱ्याला जे हवं ते पहिल्या ओळीत मिळतं. जाहिरात नावालाही नाही. सगळ्यात वरचा शेरा. पण पान मी बांधलेलं, लिहिणारा माझ्या दारासमोरचा. मी 'सोडून द्या' दाबलं आणि पुढचं पान उघडलं. ते गुडघेदुखीवर होतं.

नंतर ते कुणाकडे गेलं असेल? सोलापूर कधी न बघितलेल्या कुणाकडे तरी. त्यानं बघितलं असेल, नाव नाही, तारीख नाही, भाषा अशी, आणि नियमाप्रमाणे खाली ढकललं असेल. एका तपासणाऱ्याच्या शेऱ्यानं एखादं पान वर चढत नाही की खाली पडत नाही, हे आम्हाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगतात. ते मला पटतंही. तरीसुद्धा त्या सगळ्या तपासणाऱ्यांत चाव्या फिरवणाऱ्याचा चहा माहीत असलेली मी एकटीच होते, आणि मीच गप्प बसले. नियम बरोबर होता, मी वागले तेही बरोबर होतं. वाईट वाटायचं ते वाटतंच.

त्याच आठवड्यात काका उंबऱ्यावर मोबाईल लांब धरून बसले होते. मला बघून म्हणाले, "सूनबाई, तू ह्येच काम करतीस की. माज्या पानाला किती मार्क देशील?"

कामातलं काही बाहेर बोलायचं नाही, असं मी लिहून दिलेलं. नाहीतरी हातात भाजीची पिशवी होती, आणि आमच्या दोघांचं बोलणं नेहमी थट्टेचंच. मी म्हटलं, "नापास. तारीख नाही, नाव नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही."

काका हसले. "व्हय, आमी साळंत बी नापासच हुतो." मीही हसले आणि आत गेले. मला जे सुचलं होतं त्यातलं एक वाक्य तरी तेव्हा सांगायला हवं होतं. पान आलं होतं हे नसतं सांगितलं, पण मला तुमचं लिहिणं काय वाटतं हे सांगायला कुठल्या कंपनीची आडकाठी नव्हती. नंतर कधीतरी नीट बसून सांगू असं वाटलं. शेजारी राहणाऱ्या माणसाबद्दल नेहमी असंच वाटतं.

थंडीत त्यांची छाती भरली. मुलगी पुण्याहून येऊन दवाखान्यात घेऊन गेली. त्याच्या आदल्या संध्याकाळीही ते टाकीपर्यंत जाऊन आले होते आणि उद्या सकाळी पाणी सुटंल म्हणून लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं, काकांच्या पिंपात मी पाईप सोडला, पिंप भरून झाकण लावलं. काका परत आले नाहीत.

त्या पानाचं नाव मी काढलं नाही, बघितलंही नाही. मुलीनं घर आवरलं, कुलूप लावलं. काही दिवसांनी गल्लीच्या शेवटी राहणारी शेजारीण वैतागून म्हणाली, "मोबाईलला काय झालंय कळत न्हाय बाई. कवाबी विचारा, उद्या सकाळी पानी, उद्या सकाळी पानी. रोज उटून बसायलीय मी." मला कळलं, काकांचं शेवटचं लिहिलेलं पुसायला कुणी उरलं नव्हतं.

आणि मग तेच उत्तर माझ्याकडे तपासायला आलं. प्रश्न, आमच्या पेठेत पाणी कधी येणार. उत्तर, "तुमच्या भागात उद्या सकाळी पाणीपुरवठा होणार आहे. नागरिकांनी विद्युत मोटारी लावू नयेत, जेणेकरून शेवटच्या घरांपर्यंत पाणी पोहोचेल." आधार म्हणून एकच पान. या वेळी पान तपासायचं नव्हतं, उत्तर तपासायचं होतं, आणि यंत्र माझ्या ओळखीचं नव्हतं. नियम आडवा येत नव्हता. मी लिहिलं, उत्तर चुकीचं, माहिती शिळी, लोकांची दिशाभूल होते, आधाराच्या पानावर तारीख नाही आणि लिहिणारा कोण ते कळत नाही. खालचा शेरा. शब्द न् शब्द खरा होता. काकांच्या लिहिण्यावर मी नोकरीत लिहिलेला शेरा तेवढा हाच.

लॅपटॉप मिटला आणि मोबाईलवरून ते पान उघडलं. त्याचा पासवर्ड माझ्याकडेच होता. फळा असता तर एव्हाना कुणीतरी पुसला असता. मीही पुसायलाच बसले होते, शेजारणीची झोप तरी वाचली असती. "मोटारी लावू नका" पर्यंत वाचत गेले आणि पुसायला बोट जाईना. म्हणून पुसलं नाही. त्या ओळींच्या वर, त्या लिहिल्या त्या दिवसाची तारीख टाकली. खाली काकांचं पूर्ण नाव लिहिलं, त्याच्या पुढे मागावरचा कामगार, आणि हे स्वतः टाकीपाशी जाऊन विचारून लिहीत असत, असं लिहिलं. वाक्य 'असत' वर संपवताना मला रडू आलं.

जतन करून पान पुन्हा उघडलं. आता ते नियमात बसत होतं. खालचा आकडा एकानं वाढला होता, आणि ते आलेलं माणूस मी होते.