दुसरा खिळा

दादा कसा गेला, असं कोणी हळू आवाजात विचारलं, की वहिनी मोठ्यानं सांगायची, "अटॅक न्हाय. आत्महत्या केली ह्यांनी. मानूस चांगला होता. चहा ठेवू?" विचारणारा ओशाळायचा. वहिनी खरंच चहा ठेवायची.

'अटॅक' हे भावकीनं ठरवलेलं कारण. पोरींची लग्नं अडतील, म्हणून. ठरवणारे आप्पा, आमचे चुलते. तेराव्याला त्यांनी भिंतीवरचा दादाचा फोटोही उतरवायला सांगितलं. असं मेलेल्याचा फोटो घरात लावत नाहीत म्हणे. वहिनीनं उठून खिळा हलवून पाहिला, घट्ट आहे ना, एवढंच. आप्पांना मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही.

बोर्लीच्या बाजारात सुपारी विकत मी मोठा झालो. सुपारीच्या दरात मी कुणाचं ऐकत नाही, वेळ आली तर तराजू आपटतो. वहिनीपुढे मात्र माझं काही चाललं नाही.

मग आमच्या गावात, दिवेआगरात, सिनेमावाले आले. त्यांची गोष्टही तीच, बापानं आत्महत्या केलेल्या घराची. त्यांना आमचं घर आवडलं. मी भांडभांडून भाडं ठरवत आणलं, तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, हा फोटो दोन दिवस काढू या. इथे आमच्या नटाचा लावायचाय."

"त्या खिळ्यावर दुसरा मानूस लागायचा न्हाय."

"वहिनी, दोनच दिवस!" मी ओरडलो.

"एवढी घाई असंल तर भावजी, तुमचाच लावू."

शेवटी त्यांनी शेजारी दुसरा खिळा ठोकला. सिनेमात भिंतीवर दोन फोटो आहेत.

तो सिनेमा शाळेच्या पटांगणात दाखवला. आमची भिंत पडद्यावर आली आणि पुढच्या खुर्चीतल्या आप्पांनी मान खाली घातली. वहिनी शेजारणीला सांगत होती, पण ऐकत सगळं पटांगण होतं: "डावीकडचे आमचे. उजवीकडचा नट. तो जिता हाय."

यंदा वहिनीही गेली, तापाचं निमित्त झालं. दुसरा खिळा पुन्हा ठोकून घट्ट करून त्यावर मी तिचा फोटो लावत होतो, तेव्हा आप्पांचा मुलगा माझ्या कानाशी लागला. "नाना, आता तरी दादाचा काढा. लोक विचारतात."

हातात हातोडी होती. ती मी खाली ठेवली.

"विचारू देत," मी ओटीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "दादानं आत्महत्या केली. माणूस चांगला होता. चहा ठेवू?"