मेदुनाचे लाल खडे

एल्सो त्रामोंतिन पहाटे साडेचारला उठतो. काम सुटून वीस वर्षं झाली, तरी. त्या मंगळवारी पाचला त्याचा मला फोन आला.

"उठलास का दोरिनो? दहाला उघडतात. साडेनऊला ट्रामच्या थांब्यावर ये."

टोरांटोत तळ्याकाठी जुनं प्रदर्शनाचं दालन आहे. तिथली जमीन सत्तावन्नच्या हिवाळ्यात आम्ही केली. जागेवर ओतलेली मोझॅक: सिमेंटच्या मालात दगडाचे खडे, सुकल्यावर घासून गुळगुळीत. सगळे गडी इटलीतले, आमच्या फ्रिउलीचे. दालन दोन वर्षं दुरुस्तीला बंद होतं. उघडलं तेव्हा पेपरात आलं, मूळ जमीन जपली आहे.

"मूळ म्हणतात म्हणजे उखडली," एल्सो ट्राममध्ये म्हणाला. "खरी असती तर छापावं लागलं असतं का?"

"तुला बायकोच्या कॉफीचाही संशय येतो."

"नोर्मा त्यात जवाची पूड मिसळते. पन्नास वर्षं नाही म्हणतेय."

आमच्यात एक रीत होती. जमिनीवर नाव घालायची मुभा नव्हती. म्हणून प्रत्येक गडी आपल्या गावच्या नदीचे मूठभर खडे एका कोपऱ्यात घालायचा. एल्सोचे लाल, मेदुना नदीचे. ईशान्येचा कोपरा त्याचा. कोपऱ्यात यंत्र शिरत नाही. गुडघ्यांवर बसून, हातात दगड धरून घासावं लागतं. त्यानं तो तीन दिवस घासला होता.

आत रोपांचं प्रदर्शन होतं. त्यानं एकही रोप पाहिलं नाही. सरळ कोपऱ्यात गेला, गुडघे टेकले, बाटलीतलं पाणी ओतलं. मोझॅक ओली असली तरच वाचता येते. पांढरे खडे दिसले, हिरवे दिसले.

"बघ. माझा एक नाही. चोर साले."

तेवढ्यात देखरेखीचा माणूस आला. छातीवर नाव, आरमांदु. पोर्तुगालच्या बेटांवरचा, पन्नाशीचा.

"काका, पाणी का सांडताय?"

"तुझं काय जातं? नकली तर आहे."

"नकली? मी घासलीय ती. पाच महिने."

"घासलीस? मग सांग, तिसऱ्या खांबापाशी काय आहे?"

"पितळी पट्टी तुकड्यांची. कुणा आळशानं जोडलीय."

"पट्टी संपली होती," मी म्हणालो.

एल्सोनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "ते कुणालाही दिसेल. या कोपऱ्यात माझे खडे होते. ते कुठे गेले?"

आरमांदु खाली वाकला. 

"लाल होते का?"

एल्सोनं रंग सांगितला नव्हता. मीही नाही.

"इथं हातानं घासताना पाणी तांबूस यायचं," आरमांदु म्हणाला. "दीड दिवस. मला वाटलं, गंज. मग यायचं थांबलं."

"किती खोल गेलास?"

"तीन मिलिमीटर. मधे लोकांच्या पायांनी जमीन झिजली होती, कोपराही त्याच पातळीला आणावा लागला. पण काका, खडे खालपर्यंत असते तर अजून दिसले असते."

एल्सो ओल्या जागेवर हात ठेवून बसला. मला वाटलं, आता भांडेल.

"वरून भिरकावले होते," तो म्हणाला. "माल ओतून झाला होता. मिसळायचे तर उकरून परत भरावा लागला असता. एक तास."

त्या दिवशी मी दालनाच्या दुसऱ्या टोकाला होतो. मला हे ठाऊक नव्हतं.

"साठ वर्षं तरी टिकले की," आरमांदु म्हणाला. "वाईट नाही."

"वाईटच."

मग एल्सोनं तळवा भिंतीपर्यंत फिरवला, परत आणला. बोटाच्या नखानं सांधा तपासला.

"घासलंस चांगलं," तो आरमांदुला म्हणाला. चाळीस वर्षं बरोबर काम केलं, मला हे कधी म्हणाला नाही.

मी आणि आरमांदुनं दोन्हीकडून धरून त्याला उभं केलं. ट्रामच्या थांब्यावर मी विचारलं, "तीन दिवस घासायला वेळ होता, मग एक तास का नव्हता?"

"माल ओतला तो शनिवार होता. पगार घेऊन बोटीच्या तिकिटांच्या कचेरीत पोचायचं होतं, ती बाराला बंद व्हायची."

पोचला होता. त्या आठवड्याच्या पगारानं नोर्माचं तिकीट पुरं झालं. जेनोवा ते हॅलिफॅक्स, सगळ्यात खालचा मजला, चौघींच्या खोलीतली एक खाट.