हंड्यात राखून ठेवलेलं पाणी

“माताजी, बेटी को हिपॅटायटिस ई है,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी वेड्यासारखं विचारलं, “म्हणजे कावीळच ना?” कावीळच. पण घाण पाण्यातून येणारी, आणि गर्भारपणात यकृतावरच घाला घालणारी. माझी मुक्ता पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून उज्जैनला, माहेरी आली होती. आठवा महिना सरत आला होता.

“महीना भर पहले पानी कौन-सा पिलाया था?” बाईंनी विचारलं.

तेव्हाच आमच्या गल्लीत नळाच्या लाइनीत नालीचं पाणी शिरलं होतं. महापालिकेची गाडी भोंग्यावर ओरडत गेली, “भरा हुआ पानी फेंक दें, उबालकर ही पिएं.” नळ बंद झाले, रस्ता खणला, टँकर आला. त्या पाण्याला क्लोरिनचा असा भपकारा, की नाक धरावं.

मी म्हटलं, अगं बाई, हे औषधाचं पाणी पोटुशीला कसं पाजू? माझा तांब्याचा हंडा आदल्याच सकाळी काठोकाठ भरलेला होता. नितळ, गोड. तांब्यात पाणी आपोआप शुद्ध होतं, हे सासूबाईंपासून ऐकत आलेय. शिवाय मुक्ता आल्या दिवसापासून म्हणत होती, “आई, तिकडे फिल्टरचं पिऊन जीभ मेली गं. आपल्या हंड्यातलं दे.” टँकरचं पाणी आम्ही नवराबायकोनं उकळून प्यायलं. हंड्यातलं तिच्यासाठी राखून ठेवलं.

शहाणीच ना मी! आम्ही दोघं ठणठणीत राहिलो.

फ्रीगंजातल्या दवाखान्यात आयसीयूबाहेरच्या बाकावर नऊ दिवस काढले. रोज सकाळी रक्त नेत. बिलिरुबिन म्हणजे कावीळ किती चढली ते. पीटी-आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. हा दुसरा आकडा वाढला की यकृत थकत चाललं, असं बाईंनी समजावलं. चार दिवस तो वाढतच गेला. पाचव्या दिवशी मी आत गेले तर मुक्तानं मला ओळखलंच नाही.

देवा, तिनं एकदा नुसतं ‘आई’ म्हणावं, एवढंच मागत होते. मग भांडली तरी चालेल.

सहाव्या दिवशी आकडा थांबला, सातव्या दिवशी उतरला. “बच्चे की धड़कन भी अच्छी है,” बाई म्हणाल्या. त्यांचे पाय धरायचेच बाकी होते. नवव्या दिवशी मुक्ता हळूच म्हणाली, “आई, पाणी.” मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. तिनं माझा हात तेवढा धरून ठेवला.

तुमच्या गल्लीत अशी गाडी आली तर माझ्यासारखी अक्कल पाजळू नका. साठवलेलं पाणी ओता, भांडी घासा, नवीन पाणी खळखळ उकळा. क्लोरिनचा वास आला तर चार दिवस सोसा. माझं पाणी गोडच होतं हो.

नात महिन्याभरानं झाली, इवलीशी पण धडधाकट. दोघी पुण्याला गेल्या, आणि घर खायला उठलं. हंडा मी पालथा घातला तो तसाच. मुक्ता आता कधीच इथलं पाणी तोंडाला लावणार नाही, असंच धरून चालले होते.

काल तिचा फोन आला. “उष्टावण आजोळीच करायचं. पिल्लूला पहिलं पाणी तुझ्या हातचं.”

“भीती नाही वाटत गं तुला?”

“उकळशील ना? मग झालं.”

आज चिंच लावून हंडा घासला आणि सरळ ठेवला. पाणी उकळून निवत ठेवलंय. त्यांची पुण्याची गाडी संध्याकाळी येते, आणि मी सकाळपासून दारात उभी आहे.